एमिली डिकिन्सनच्या कवितेतील अलंकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमिली डिकिन्सनची कविता आकाराने लहान आणि शब्दांनी साधी असूनही पहिल्या वाचनात हुलकावणी देते. तिच्या उपमा-रूपकांविषयी विद्यार्थी आणि हौशी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. तिने आपल्या कवितांना क्वचितच शीर्षके दिली, त्यामुळे त्यांचा उल्लेख आशयावरून केला आहे. ओळींची मराठी रूपे केवळ अर्थ कळण्यापुरती आहेत. ती काव्यानुवाद म्हणून वाचू नयेत.

तिच्या एकांतवासाचा तिच्या प्रतिमांशी काय संबंध आहे?

संबंध आहे, पण सामान्यतः समजला जातो तेवढा नाही. डिकिन्सनचा जन्म १० डिसेंबर १८३० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲमहर्स्ट या गावी झाला आणि १५ मे १८८६ रोजी त्याच गावात, त्याच घरात तिचा मृत्यू झाला. तरुणपणी ती माउंट होलिओक येथील मुलींच्या विद्यालयात वर्षभर शिकली, १८५५ मध्ये वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फिया पाहून आली, डोळ्यांच्या उपचारांसाठी १८६४ आणि १८६५ मध्ये बॉस्टनजवळ राहिली. त्यानंतर मात्र तिने घराचे आवार जवळजवळ सोडले नाही. वडिलांची जमीन ओलांडून आपण कोणत्याही घरी वा गावी जात नाही, असे तिने १८६९ मध्ये एका पत्रात लिहिले आहे. तरीही तिची हजारावर पत्रे आज उपलब्ध आहेत, तेव्हा जगाशी तिचा संवाद तुटला होता असे म्हणता येत नाही.

या जीवनक्रमाने तिला उपमानांचा साठा पुरवला, एवढे निश्चित. ती उत्तम पाव भाजत असे, बाग राखत असे, आणि शाळकरी वयात तिने चारशेहून अधिक वनस्पती वाळवून, नावांसह एका वहीत चिकटवल्या होत्या. म्हणूनच तिच्या कवितेत मावळतीचे आकाश ही रंगीबेरंगी झाडूंनी घर झाडणारी आणि मागे जांभळे-सोनेरी धागे सांडून जाणारी गृहिणी होते, आणि वीज म्हणजे आकाशातल्या मेजावरून कुणाच्या तरी बेसावध बोटांतून निसटलेला पिवळा काटा ठरते. वस्तू स्वयंपाकघरातली असली, तरी तो काटा ज्या घरातून पडला ते घर कधीच पुरते उघड होत नाही, असेही ती त्याच कवितेत सांगते. घरातली वस्तू हाती धरून घराबाहेरचे, बहुधा माणसाच्या आवाक्याबाहेरचे, मोजणे ही तिची रीत आहे. एकांतवासावरून वस्तू कोठून आल्या ते कळते, पण हे मोजमाप तिला कसे साधले ते कळत नाही. शिवाय तिने कधीही न पाहिलेला ज्वालामुखी तिच्या कवितांत वारंवार येतो, हेही ध्यानात ठेवावे.

तिच्या कवितेत उपमा अधिक महत्त्वाची की रूपक?

दोन्ही आहेत, पण तिचा खास साचा व्याख्येचा आहे: अमुक म्हणजे तमुक. पश्चात्ताप म्हणजे जागी झालेली स्मृती; पूर्वसूचना म्हणजे हिरवळीवर पडलेली ती लांब सावली. घरात नोआ वेब्स्टरचा मोठा शब्दकोश होता आणि कित्येक वर्षे तो आपला एकमेव सोबती होता, असे तिने एका पत्रात लिहिले आहे. हा वेब्स्टर स्वतः काही वर्षे ॲमहर्स्टमध्ये राहिलेला होता. शब्दकोशात अर्थाच्या जागी दुसरे शब्द येतात, तर तिच्या व्याख्येत त्या जागी एक वस्तू येऊन बसते.

आशेवरची सुप्रसिद्ध कविता या दृष्टीने पाहावी. तिच्या हस्तलिखितात 'आशा' हा शब्द अवतरणचिन्हांत आहे, जणू कोशातली नोंदच. त्यापुढे 'पक्षी' असे येत नाही, तर 'पिसे असलेली ती वस्तू' असे येते. हा पिसांचा जीव आत्म्यात येऊन बसतो, शब्दांवाचून सूर गातो आणि थांबत मुळीच नाही. 'छोटा पक्षी' हे शब्द दुसऱ्या कडव्यात, वादळाच्या संदर्भात उमटतात. आशा ही पक्ष्यासारखी आहे असे आरंभीच सांगून टाकले असते, तर वाचकाने मान डोलावून पान उलटले असते; आधी पिसे, मग बसणे, मग गाणे असा क्रम लावल्यामुळे वाचकाला तो पक्षी स्वतः ओळखावा लागतो. शेवटी हा पक्षी अत्यंत गारठलेल्या प्रदेशातही तिच्याकडे भाकरीचा कण मागत नाही. या शेवटच्या तपशिलाकडे वाचकांचे दुर्लक्ष होते, पण कवितेतले सर्वांत मोठे विधान तेथे आहे: आशा काही न मागता टिकते, आणि म्हणूनच तिच्या बाबतीत आपल्याकडे कोणतेही श्रेय येत नाही.

मृत्यूला ती सभ्य गृहस्थ का बनवते?

आपण मृत्यूसाठी थांबू शकलो नाही, म्हणून तो सौजन्याने आपल्यासाठी थांबला, असे सांगणाऱ्या कवितेत मृत्यू घोडागाडी घेऊन येतो. एकोणिसाव्या शतकातील न्यू इंग्लंडमध्ये तरुणाने तरुणीला गाडीतून फिरायला नेणे ही ओळखीची रीत होती आणि कवितेतले चेतनगुणारोपण त्या रीतीवर उभे आहे. गाडीत तिसरी प्रवासी आहे, अमरता. तिचे नाव घेतले जाते आणि त्यानंतर ती एक शब्दही बोलत नाही. सोबतीला कुणी वडीलधारे असावे, तशी ती बसून राहते.

अलंकाराचे खरे काम मात्र चौथ्या कडव्यात होते. गाडी शाळा, पिकांची शेते आणि मावळता सूर्य ओलांडते, आणि लगेच बोलणारी स्वतःला दुरुस्त करते: आम्ही सूर्याला नव्हे, सूर्याने आम्हांला ओलांडले. तेवढ्यात दव पडू लागते, आणि तिच्या अंगावर तर कोळिष्टकासारखा तलम झगा आणि जाळीच्या कापडाचा खांदेपट आहे. फिरायला निघालेल्या मुलीचा पोशाख थंडीत उघडा पडतो आणि मघाचे सौजन्य संशयास्पद वाटू लागते. १८९० च्या पहिल्या संग्रहात संपादकांनी नेमके हेच कडवे गाळले आणि कवितेला 'रथ' अशा अर्थाचे शीर्षक दिले. कडवे नसलेली कविता सौम्य आणि धार्मिक समाधान देणारी वाटते. अनेक जुन्या संकलनांतून ती तशीच वाचली गेली. पुढे गाडी एका 'घरा'समोर थांबते. ते घर म्हणजे जमिनीचा फुगवटा, ज्याचे छप्पर जेमतेम दिसते. थडगे हा शब्द कवितेत कोठेही येत नाही.

वस्तूचे नावच न घेता ती वर्णन का करते?

कोड्याची ही पद्धत तिला मनापासून आवडत असावी. मैलोन्मैल चाटत जाणारे, दऱ्या जिभेने टिपणारे, टाक्यांशी थांबून स्वतःचे पोट भरणारे, डोंगरांना वळसा घालणारे, वाटेतल्या झोपड्यांत तुच्छतेने डोकावणारे आणि अखेर खिंकाळत, ताऱ्यासारखे वेळ पाळून, आपल्याच तबेल्याच्या दाराशी मुकाट आणि सर्वशक्तिमान असे उभे राहणारे काहीतरी एका कवितेत आहे. ते आगगाडी आहे हे ती सांगत नाही आणि घोडा हा शब्दही वापरत नाही. १८५३ मध्ये ॲमहर्स्टला रेल्वे आली, तीत तिचे वकील वडील एडवर्ड डिकिन्सन यांचा पुढाकार होता. तेव्हा हे जनावर तिच्या घरच्यांनीच गावात आणले, असे म्हणायला हरकत नाही. 'मुकाट' आणि 'सर्वशक्तिमान' ही दोन विशेषणे एकत्र ठेवून यंत्राविषयीचे कौतुक आणि धास्ती दोन्ही तिने एका ओळीत मांडली आहेत. संपादकांनी १८९१ मध्ये या कवितेवर आगगाडीचे नाव शीर्षक म्हणून छापले. उखाण्याआधी उत्तर सांगण्याचा हा प्रकार आहे.

हमिंगबर्ड या इवल्या पक्ष्यावरच्या आठ ओळींत तर पक्षी दिसतच नाही. दिसतो तो फिरत्या चाकासह विरून जाणारा एक मार्ग, पाचूचा एक निनाद, लाल रंगाची एक झेप, आणि पक्षी निघून गेल्यावर झुडपावर डोके सावरणारी फुले. 'फिरत्या' या शब्दासाठी तिने इतर अनेक पर्याय लिहून पाहिले होते. पुढे तिच्या कवितांची संपादक झालेली मेबल लूमिस टॉड हिने तिला इंडियन पाइप नावाच्या फुलाचे चित्र पाठवले, तेव्हा आपल्याला तसे फूल करता येत नाही, पण हा हमिंगबर्ड स्वीकारावा, असे उत्तर देऊन तिने हीच कविता धाडली. म्हणजे पक्ष्याचे नाव पत्रात आहे, कवितेत नाही.

अमूर्त भावनांना ती वजन, तापमान, धातू असे गुण का देते?

भावनेचे नाव घेतल्याने ती कळत नाही, असा तिचा अनुभव दिसतो. मोठ्या दुःखानंतर एक औपचारिक भावना येते, या कवितेत मज्जातंतू थडग्यांसारखे शिष्टाचाराने बसतात, समाधान गारगोटीसारखे असते आणि तो काळ 'शिशाची घटका' ठरतो. शेवटी ही घटका आठवण्याची तुलना हिमात गोठणाऱ्या माणसाच्या आठवणीशी केली आहे: आधी गारठा, मग गुंगी, मग सोडून देणे. दुःखावर बोलताना रडण्याचा उल्लेखही नाही. बधिरपणा हाच विषय असल्यामुळे उपमाने दगड, धातू आणि बर्फ यांतूनच निवडली आहेत.

हिवाळ्यातल्या दुपारच्या तिरप्या उन्हावरची कविता याहून अवघड आहे. ते ऊन मनावर दडपण आणते, कॅथीड्रलमधल्या सुरांच्या भारासारखे. येथे दृश्याची तुलना नादाशी आणि नादाची वजनाशी झाली आहे. मुळात तिने 'हेफ्ट' हा शब्द योजला आहे. एखादी वस्तू उचलून पाहिल्यावर हाताला जो जडपणा जाणवतो, तो म्हणजे हेफ्ट; संपादकांनी तेथे वजन या अर्थाचा सर्वसाधारण शब्द घातला आणि हाताचा अनुभव तराजूकडे गेला. कवितेच्या शेवटी ते ऊन जाते, तेव्हा 'मृत्यूच्या चेहऱ्यावरील अंतरासारखे' वाटते. उपमान नेहमी उपमेयापेक्षा परिचित असावे, ही आपली अपेक्षा असते. येथे ती उलटी झाली आहे. ऊन आपण पाहिलेले आहे, ते अंतर नाही. तिच्या ताकदीचा पुरावा म्हणून एकच उपमा दाखवायची झाली, तर मी हीच दाखवीन.

तिच्या कवितेतला 'मी' म्हणजे ती स्वतःच का?

नाही, आणि हे तिनेच स्पष्ट केले आहे. एप्रिल १८६२ मध्ये तिने थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या लेखक-समीक्षकाला चार कविता पाठवून, आपली कविता जिवंत आहे का, असे विचारले. ('जिवंत' हा शब्दही रूपकच आहे.) त्याच वर्षी जुलैमध्ये तिने त्याला कळवले की कवितेची प्रतिनिधी म्हणून मी बोलते, तेव्हा ती मी नसून एक कल्पित व्यक्ती असते. सापावरच्या कवितेत बोलणारा आपल्या अनवाणी मुलगेपणाची आठवण सांगतो. दुसऱ्या एका कवितेत बोलणारे आयुष्यच भरलेली बंदूक आहे: कोपऱ्यात पडून होती, मालक आला, ओळखून घेऊन गेला, आणि आता ती त्याच्यासाठी बोलते, म्हणजे गोळी झाडते. तिचे हसणे व्हेसूव्हियस या ज्वालामुखीच्या चेहऱ्यासारखे आहे. ही बंदूक स्त्रीची दबलेली शक्ती आहे, की कविता, की भाषा, की देवाच्या हातातले आयुष्य, यावर समीक्षकांचे एकमत झालेले नाही. शेवटच्या कडव्यात बंदूक म्हणते की तिच्याकडे मारण्याची शक्ती आहे, मरण्याची नाही. कोणताही एकच अर्थ पक्का केला की हे कडवे बाहेर उरते, असा माझा अनुभव आहे.

पत्रांत मात्र ती स्वतःविषयीही अलंकारांतूनच बोलते. हिगिन्सनने छायाचित्र मागितले, तेव्हा आपल्याकडे ते नाही असे सांगून तिने वर्णन पाठवले: चण रेन पक्ष्यासारखी लहान, केस चेस्टनटच्या काटेरी फळासारखे धीट, आणि डोळे पाहुण्याने पेल्यात मागे ठेवलेल्या शेरीच्या रंगाचे. शेरीपेक्षा निघून गेलेला पाहुणा अधिक लक्षात राहतो.

मराठी अलंकारशास्त्राच्या संज्ञा तिला लावता येतात का?

लावता येतात, आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांतल्या दोन-तीन ढोबळ संज्ञांपेक्षा त्या कधीकधी अधिक नेमक्या ठरतात. मेंदू आकाशाहून रुंद आहे, या विधानात उपमेय उपमानाहून वरचढ ठरते, हा व्यतिरेक. पुस्तकासारखे दुसरे जहाज नाही, हेही त्याच अंगाचे. आगगाडीच्या कवितेत उपमानाने उपमेयाला पूर्णपणे गिळले आहे, त्याला संस्कृत साहित्यशास्त्रात रूपकातिशयोक्ती म्हणतात. 'तो मृत्यू नव्हता, कारण मी उभी राहिले. ती रात्र नव्हती, कारण घंटा दुपारची वाजत होती' असा एकेक नकार देत जाणारी कविता वाचून अपन्हुती आठवते, पण फरक महत्त्वाचा आहे. अपन्हुतीत 'हे नव्हे' म्हटल्यावर 'ते आहे' असे ठामपणे येते; डिकिन्सनच्या कवितेत ते येतच नाही, नकारांची रांग निराशेपर्यंत जाते आणि तेथेही आधार मिळत नाही. संज्ञा जेथे अपुरी पडते, ती जागा टिपून ठेवावी. परीक्षेतल्या उत्तरातही ती टिपण्यासारखी असते.

अपसारणचिन्हे आणि मोठी अक्षरे यांचा अलंकारांशी संबंध आहे का?

आहे. ओळीच्या मध्ये आलेले अपसारणचिन्ह (डॅश) उपमेय आणि उपमान यांच्यात थांबा निर्माण करते, आणि मोठ्या आद्याक्षराने लिहिलेले सामान्य नाम व्यक्ती होण्याच्या बेतात असते. तिच्या बहुतेक कविता चर्चमधल्या स्तोत्रांच्या आठ-सहा अक्षरांच्या चालीत आहेत. ओळखीच्या चालीत मध्येच हे थांबे आल्यामुळे कान अडखळतो आणि वाचक प्रतिमेपाशी रेंगाळतो.

कोणती आवृत्ती वाचावी?

तिच्या हयातीत दहाच्या आसपास कविता छापल्या गेल्या, त्याही निनावी. मृत्यूनंतर बहीण लव्हिनियाला सुमारे अठराशे कवितांचे घबाड सापडले. त्यांतल्या शेकडो कविता एमिलीने हाताने शिवलेल्या चाळीस वह्यांत उतरवल्या होत्या. टॉड आणि हिगिन्सन यांनी काढलेल्या १८९० च्या दशकातील आवृत्त्यांत यमके, विरामचिन्हे आणि प्रतिमा सफाईदार करण्यात आल्या. इंटरनेटवर फुकट मिळणारा पाठ बहुधा तोच असतो. थॉमस जॉन्सनची १८५५ ची नव्हे, तर १९५५ ची आवृत्ती (वर्षांचा हा घोळ विद्यार्थ्यांच्या वह्यांत हमखास दिसतो) आणि राल्फ फ्रँकलिनची १९९८ ची आवृत्ती हस्तलिखितांवर आधारलेल्या आहेत. फ्रँकलिनमध्ये तिने शब्दांपुढे लिहिलेले पर्यायही पाहता येतात.

मधमाशी, माशी, साप यांचे ठरलेले अर्थ आहेत का?

नाहीत. मरणाऱ्या माणसाच्या खोलीत राजाच्या आगमनाची वाट पाहिली जात असताना येणारी माशी ही सैतान, कुजणे, की निव्वळ माशी, हे कविता सांगत नाही. तिचा गुणगुणाट 'निळा, अनिश्चित, अडखळता' आहे, म्हणजे एका इंद्रियाची संवेदना दुसऱ्याला दिली आहे, कारण मरणाऱ्याची इंद्रिये एकमेकांत मिसळू लागली आहेत. प्रतीकांचा तक्ता करण्यापेक्षा अशा विशेषणांकडे पाहणे अधिक फलदायी ठरते.

ही रूपके मराठीत आणताना काय अडते?

पहिली अडचण व्याकरणाची आहे. इंग्रजीत मृत्यूला 'तो' म्हणणे हा कवीने घेतलेला निर्णय असतो आणि तेवढ्याने मृत्यू व्यक्ती होतो. मराठीत मृत्यू मुळातच पुल्लिंगी आहे, त्यामुळे 'तो थांबला' यात वाचकाला काहीच विशेष जाणवत नाही आणि भाषांतरकाराला ते सौजन्य अन्य शब्दांनी, कदाचित आदरार्थी बहुवचनाने, उभे करावे लागते. 'हेफ्ट'साठी वजन, भार, बोजा, जडपणा हे सारे जवळ येतात, पण हातात तोलून पाहण्याची कृती त्यांपैकी एकातही नाही.

दुसरी अडचण हवामानाची आहे. सापावरची कविता १८६६ मध्ये 'स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन' या वृत्तपत्रात निनावी छापली गेली, तीही सापाचे नाव शीर्षकात घालून आणि तिसऱ्या ओळीचे विरामचिन्ह बदलून, याची तक्रार तिने हिगिन्सनकडे केली होती. कवितेच्या शेवटी साप दिसताच श्वास आखडतो आणि 'हाडाशी शून्य' जाणवते. मराठीत 'अंगावर काटा आला' म्हटले तर ओळ सहज वाचली जाते, पण आकडा जातो. 'शून्य' ठेवले तर आपल्या वाचकाच्या मनात पोकळी येते, किंवा फार तर पाणी गोठण्याचा सेल्सिअसचा बिंदू. डिकिन्सनच्या भिंतीवरचा तापमापक फॅरेनहाइटचा होता, आणि त्याचे शून्य आपल्या शून्याहून जवळजवळ १८ अंश खाली असते.